जाळीबाहेरची हाक

ताम्हिणी रस्ता,
४ ऑक्टोबर २००९

गौतमी,

पोचलो, बरा आहे. आल्या आल्या सगळ्यांचे फोन काढून घेतले, म्हणून हे पत्र. पाकीट चिकटवायचं नाही असं सांगितलंय. चॅनलच्या मृण्मयी मॅडम म्हणून आहेत, त्या आमची पत्रं वाचतात आणि मगच टपालात टाकतात. कोण हरलं, कोण जिंकलं ते टीव्हीवर यायच्या आधी बाहेर फुटू नये म्हणून. तूही लिहिताना एवढं ध्यानात ठेव.

घाटाच्या अलीकडं एक मोठा बंगला भाड्यानं घेतलाय. मागं पत्र्याची शेड आणि तिच्यात जाळी उभी केलीय. आठ बाजूंची, माणसाच्या डोक्यावर जाईल एवढी उंच. दोघांना आत सोडतात आणि दार लावतात. कुस्ती, बुक्क्या, लाथा, मुरगळणं, सगळं चालतं. आपल्याकडं पाठ लागली की कुस्ती संपली. इथं पाठ लागल्यावर खरी मारामारी सुरू होते. सोसवेना झालं की गादीवर हात आपटायचा, म्हणजे हरलो. कार्यक्रमाचं नाव 'जाळीतला वाघ'. वाघ कमी आणि जाळी जास्त, असं मला तरी वाटतंय.

आता जे सांगायला नको वाटतंय ते सांगतो. मी वस्तादांच्या टीममध्ये नाही.

'चल किशा, शेवटचं एकदा दोघं मिळून जाऊ,' असं नरहरी वस्ताद म्हणाले, म्हणूनच मी हिंजवडीच्या कंपनीच्या गेटवरची नोकरी बिनपगारी रजेवर टाकून, तुझा राग पत्करून निघालो. ते लाल टीमचे कोच. निळ्या टीमचे कोच रिकी सर. मूळ नाव ऋषिकेश, पण त्या नावानं हाक मारली तर वळून बघत नाहीत. बाहेरच्या देशात लढून आलेला माणूस आहे. पोरं वाटून घ्यायला नाणेफेक झाली. ती रिकी सरांनी जिंकली. त्याआधी मृण्मयी मॅडम त्यांच्या कानाशी काहीतरी बोलल्या, ते मी बघितलं. सरांनी पहिलंच नाव माझं घेतलं. वस्ताद मान खाली घालून आपल्या बुटांकडं बघत राहिले. दुसऱ्या टीमच्या कोचशी बोलायचं नाही असा इथला नियम आहे. म्हणजे एका छपराखाली राहून आम्ही मुके.

सोळा जणांत मी थोरला. पोरं मला 'काका' म्हणतात. सकाळी मी उठतो, अंग मागनं उठतं. आबांना सांग, काळजी करू नका.

किशोर

•

माले,
१५ ऑक्टोबर २००९

यांसी, गौतमीचा नमस्कार.

पत्र मिळालं. आबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "वस्तादाच्या इरुद्ध उभा ऱ्हायला? ह्ये बरं न्हाई झालं." मी म्हटलं, उभा राहिला नाही, उभा केला. पण त्यांना ते पटेना.

परवा लक्ष्मीपूजन. भात कापायला आलंय. माणसं मिळत नाहीत, सगळी बांधकामावर जातात. मी आणि आबा जेवढं होईल तेवढं उरकतो. त्यांचा दम लागतो, मग ते बांधावर बसून मला सांगतात कसं कापायचं.

अनसूयाकाकींकडं फराळ देऊन आले. वस्ताद घरात नसले की घर लई मोठं वाटतं, म्हणाल्या. टीव्हीवर पहिला भाग लागेल तेव्हा त्यांच्याकडंच बसून बघायचं ठरलंय. आपल्या टीव्हीला नुसत्या मुंग्या येतात.

मी रागावले होते ते खरंय. आता राग धरायला पण ताकद उरत नाही. संध्याकाळी भाकरी टाकून झाली की बसल्या जागी डोळे मिटतात. तुम्ही जेवत जा.

गौतमी

•

ताम्हिणी रस्ता,
६ नोव्हेंबर २००९

गौतमी,

लिहायला उशीर झाला. लढतीच्या आधी वजन उतरवावं लागतं, त्यात पाणीसुद्धा तोलून मिळतं. जीभ चामड्यासारखी होते. कोण कुणाशी लढलं ते लिहायचं नाही, पण मी अजून इथंच आहे, त्यावरनं काय ते समज.

लढण्याचा कंटाळा नाही. बाकीच्याचा आहे. दिवसभर कॅमेरे. जेवताना, दात घासताना. पोरांनी भांडावं म्हणून कधी निळ्या टीमचं दूध लाल टीमच्या फ्रिजमध्ये ठेवतात. पोरं खरंच भांडतात. मग एकेकाला एका खोलीत बसवून विचारतात, तुला कसं वाटलं? एकच गोष्ट इतक्यांदा विचारतात की शेवटी माणूस त्यांना हवं ते बोलून सुटका करून घेतो.

वस्ताद जिना आडवे होऊन उतरतात, एकेक पायरी. गुडघा पार गेलाय. त्यांची पोरं मात्र चांगली तयार होताहेत. त्यांच्यात वेदांत नावाचा एक आहे, भुकूमला राहतो, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. चष्मा काढला की त्याला समोरचा नीट दिसत नाही, पण हाताला लागलेला माणूस तो सोडत नाही. वस्ताद त्याला शिकवतात तेव्हा मी शेडच्या दुसऱ्या टोकाला दोरीवरच्या उड्या मारत ऐकतो. तेच शब्द, तेच ओरडणं.

इथं वस्तादांच्या बाबतीत एक गोष्ट चुकीची घडणार होती. मी त्या खोलीत बसून चॅनलच्या लोकांना चार शब्द सांगितले आणि त्यांनी ऐकलं. काय ते घरी आल्यावर सांगेन. बऱ्याच दिवसांनी एक काम सरळ झालं असं वाटलं.

काकींना माझा नमस्कार सांग. वस्ताद बरे आहेत म्हणावं.

किशोर

•

माले,
२३ नोव्हेंबर २००९

यांसी,

तुमचा नमस्कार काकींना सांगितला नाही. सांगायला तोंड राहिलं नाही.

शनिवारी आम्ही सगळी त्यांच्याकडं बसलो होतो. काकी, मी, आबा, शेजारचे कुशाबा, गल्लीतली पोरंसोरं. आधी तुमची लढत दाखवली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. आबा हसले, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मग तुम्हाला एका खुर्चीत बसवलेलं दाखवलं, आणि तुम्ही म्हणालात:

"वस्ताद थकलेत. त्यांच्यात काय राहिलं न्हाई. मला उतरवा, मी लढतो."

लगेच वस्ताद दाखवले, पाठमोरे, बशीत चहा ओतून पिताना. मागून ढोल वाजवल्यासारखा आवाज. मग तुमची निळी पोरं टाळ्या देऊन हसताना.

काकी उठल्या आणि चुलीपाशी गेल्या. दूध उतू गेलं नव्हतं तरी भांडं खाली उतरवत बसल्या. कुशाबा म्हणाले, "पोराच्या तोंडात एवढं कुटनं आलं?" आबांनी चप्पल घातली आणि घरी गेले. तेव्हापासून ते देवळाकडं फिरकले नाहीत.

ज्या माणसानं तुम्हाला आई गेल्यावर आपल्या ताटात जेवू घातलं, त्याच्याबद्दल तुम्ही असं कसं बोललात? थकला असाल, चिडला असाल, तरी असं? काही खुलासा असला तर लिहा. नसला तर पत्र पाठवू नका, मला उत्तर द्यायला होणार नाही.

गौतमी

•

ताम्हिणी रस्ता,
२७ नोव्हेंबर २००९

गौतमी,

हे पत्र मृण्मयी मॅडमच्या हाती जाणार नाही. इथं भाकरी थापायला ताम्हिणीच्या साळूबाई येतात. त्या हे पदराखाली नेतील. त्यांची लेक पौडला दिली आहे, तिच्याकरवी तुला मिळेल. उत्तरही तिच्याकडंच दे.

मी काय बोललो ते सांगतो. चॅनलच्या मोठ्या साहेबांनी एक दिवस ठरवलं होतं की दोन्ही कोचना जाळीत उतरवायचं. रिकी सर पस्तिशीचे, वस्ताद साठीचे. वस्ताद नाही म्हणणार नाहीत हे मला माहीत होतं. त्यांना कुणी आव्हान दिलं की ते आजवर कधी नाही म्हणालेले नाहीत. म्हणून मी त्या खोलीत म्हणालो, "वस्ताद थकलेत. त्यांना जाळीत घालू नका. त्यांच्या गुडघ्यात काय राहिलं न्हाई. कुणाला उतरवायचंच तर रिकी सरांपुढं मला उतरवा, मी लढतो."

आता तू टीव्हीवर ऐकलेलं आणि हे शेजारी ठेवून बघ. त्यांनी मधलं कापलं. एवढंच.

आणि ती हसणारी पोरं बाथरूममधल्या बेडकाला हसत होती. मी तिथं होतो.

तुझं पत्र वाचून मी मृण्मयी मॅडमकडं गेलो. त्याही दमलेल्या असतात, डोळ्यांखाली काळं आलंय. म्हणाल्या, "किशोर, शब्द तुमचेच आहेत ना? आम्ही एकही शब्द घातलेला नाही." खरंय ते. घातला नाही. कोचची लढत रद्द केली तीसुद्धा माझं ऐकून नव्हे. गुरूवर उलटलेला चेला त्यांना जास्त चांगला मिळाला.

राग यायला हवा होता. आला नाही. खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडलो. वस्तादांना हे अजून माहीत नाही, आत कुणालाच टीव्ही दाखवत नाहीत. पण बाहेर पडले की कळेल. पुढच्या आठवड्यात माझी वेदांतशी गाठ आहे. जिंकलो तर अंतिम फेरी. मला आता जिंकायचंय की घरी यायचंय ते कळत नाही. काकींना खरं काय ते सांग. तू सांगितलंस तर ऐकतील.

किशोर

•

माले,
३० नोव्हेंबर २००९

यांसी, नमस्कार.

पत्र हातात पडलं तशीच उठले आणि काकींकडं गेले. वाचून दाखवलं. काकी धान्य निवडत होत्या, हात थांबवला नाही.

"तो गुडघा मी रोज शेकते," त्या म्हणाल्या. "त्यात काय राहिलं न्हाई ते माझ्याबिगर कुनाला ठाव? किशाच्या बोलन्याचं मला वाईट वाटलंच न्हाई गं. त्यो तसं बोलनार न्हाई ह्ये मला ठाव व्हतं. त्यांना पाठमोरं दावलं, चहा पेताना, आन लोकं हसली. त्याचं वाईट वाटलं. आपल्या घरात मानूस बशीनंच चहा पितो की."

मग मला म्हणाल्या, "तुला मातुर खरं वाटलं, व्हय?"

वाटलं होतं. तुमचा आवाज, तुमचं तोंड, दिसलं ते खरं धरलं. तुम्ही मला क्षमा करा असं लिहिणार होते, पण तुम्ही ते वाचून नुसती मान हलवाल, म्हणून राहू दे.

कुशाबांनाही सांगितलं. ते म्हणाले, "आसंल तसं. पर आता सांगून काय उपेग? बघनाऱ्यांनी बघितलं." गावाचं असंच आहे. आबांना पटलंय. संध्याकाळी देवळापर्यंत जाऊन आले, बसले नाहीत.

गावासाठी जिंकू नका. वस्तादांसाठी हरू पण नका. मला हातपाय शाबूत असलेला माणूस घरी हवाय, दुसरं काही मागत नाही.

गौतमी

•

ताम्हिणी रस्ता,
६ डिसेंबर २००९

गौतमी,

हे पत्रही साळूबाईंच्याच हाती देतोय. अक्षर माझं नाही, घाबरू नकोस. उजवा हात गळ्यात बांधलाय. मी सांगतोय आणि वेदांत लिहितोय. ज्यानं हात मोडत आणला त्यालाच लिहायला बसवलंय. त्यानंच हौसेनं मागून घेतलं. (हौसेनं नव्हे. — वेदांत)

काल आमची लढत झाली. पहिल्या फेरीत मी त्याला उचलून टाकत राहिलो. तो पडायचा, पण पडून गप्प राहायचा नाही. दुसऱ्या फेरीत माझा दम संपला. तरी पुन्हा त्याच्या पायांना हात घालून पट काढला, त्याला खाली घातलं आणि वर बसलो. एवढ्यात त्यानं खालूनच माझा उजवा हात धरला आणि पाठीमागं फिरवायला लागला. तुला माहीत आहे तो कोणता खांदा. पिरंगुटच्या जत्रेत निखळला होता आणि वस्तादांनी तिथंच मातीत बसवला होता, तो.

मी सोडवायची धडपड केली. हात आणखी वर गेला. जाळीच्या या अंगाला रिकी सर ओरडत होते, "सोडू नको! थोडाच वेळ आहे, घंटा होईल!" आणि मी सोडणार नव्हतो. आपल्या कुस्तीत हात आपटायचं कुणी शिकवलेलंच नाही. मोडला तर मोडला, असं मनात आलं. खरं सांगायचं तर मोडलेलाच बरा, म्हणजे हे सगळं संपेल, असंही आलं.

तेवढ्यात जाळीच्या पलीकडून हाक आली, "किशा, बास!"

तालमीत वस्ताद 'बास' म्हणाले की हातातली पकड तिथल्या तिथं सुटते. दहा वर्षांचा होतो तेव्हापासून. हात आपटला गेला, गौतमी. मी आपटला असं म्हणता यायचं नाही. पंचानं आम्हाला सोडवलं. मी हरलो.

मग गोंधळ. रिकी सरांनी पाण्याची बाटली जाळीवर मारली. लाल टीमच्या कोचनं निळ्या टीमच्या लढवय्याला हाक मारली, ही फसवणूक आहे, लढत पुन्हा घ्या, म्हणाले. मोठे साहेब कॅमेरावाल्यांना खुणा करत होते की चालू ठेवा. वस्ताद कुणाकडं न बघता आत आले, त्या गुडघ्यानं गादीवर बसले आणि माझा खांदा चाचपला. बोलायचं नाही हा नियम त्यांच्या ध्यानातच नव्हता. म्हणाले, "आत हाय अजून. ढिला झालाय." आणि उठायला वेदांतचा हात धरला.

डॉक्टरांनी फोटो काढला. आतली दोरी फाटलीय, हाड जागेवर आहे. परत बंगल्यावर आणून ठेवलंय. अंतिम फेरी होईपर्यंत कुणाला सोडत नाहीत. त्यानंतर मुंबईला स्टेजवर एक कार्यक्रम करणार आहेत. त्यात मी आणि वस्तादांनी एकमेकांना मिठी मारायची.

किशोर

वहिनी, हे माझं स्वतःचं. काकांना वाचून न दाखवता लिहितोय. वस्तादांनी मला काकांच्या खांद्याबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. त्यांच्या उजव्या बाजूनं जाऊ नकोस, ती जड आहे, इतकंच म्हणाले होते. हात मला धडपडीत सापडला. तुम्हाला कुणी वेगळं सांगितलं तर हे लक्षात ठेवा. — वेदांत

•

माले,
१४ डिसेंबर २००९

यांसी, नमस्कार.

आता फोन परत मिळालाय तुमचा, तरी लिहितेय. फोनवर तुम्ही नुसतं 'हं' म्हणता, आणि मला जे सांगायचंय ते 'हं' वर संपणारं नाही.

वस्ताद परवा आले. अंतिम फेरी झाली, वेदांत हरला, आणि दुसऱ्या दिवशी मुंबईला जायच्या गाडीत बसायच्या ऐवजी ते रस्त्यावर येऊन उभे राहिले आणि आली ती एसटी धरली. घरी गेले नाहीत, आधी आपल्याकडं आले. आबा उठून उभे राहिले. दोघं जण नुसते खोकले. मी चहा दिला. कपात दिला, तर म्हणाले, "बशी कुटं हाय?"

त्यांना सगळं कळलंय, टीव्हीवरचं. एसटीत कंडक्टरनंच सांगितलं. तुम्ही खरं काय बोलला होतात ते मी सांगायला लागले, तर हात वर केला. "गुडघ्याचंच बोलला आसंल. दुसरं काय बोलनार त्यो?"

मग मी विचारलं. मला विचारल्याशिवाय राहवेना. मी म्हटलं, वस्ताद, तुम्ही बास म्हणालात ते यांचा हात वाचावा म्हणून, का तुमचं पोरगं जिंकावं म्हणून? आबा माझ्यावर ओरडले. वस्तादांनी बशी खाली ठेवली.

"दोनीसाठी," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? हात जातोय ह्ये दिसत व्हतं. आन वेदांता जिंकतोय ह्ये पन दिसत व्हतं. त्ये बी पोरगं मीच तयार केलं व्हतं की. मला दोनी पायजे व्हतं. तोंडातनं एकच शबुद निघाला. त्यातलं किती कुनासाठी, त्ये मला पन न्हाई सांगता येत."

मला त्यांचा राग यायला हवा होता का? यायला हवा होता असं मी काल दिवसभर स्वतःला सांगितलं. आला नाही.

जाताना दारात थांबले. "त्याला म्हनावं, मी ममईला जायाचो न्हाई. मिठी मारायला लोकं कशाला पायजेत?"

तुम्ही जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी काही सांगत नाही. एवढंच, की मी पण दमले आहे. आबांना घेऊन, भात घेऊन, गाव घेऊन. घरात मला माणूस हवाय.

गौतमी

•

भुकूम,
२ फेब्रुवारी २०१०

वहिनी,

सप्रेम नमस्कार. काकांचा फोन लागतो, पण ते 'बरं आहे' याच्या पुढे जात नाहीत, म्हणून तुम्हाला लिहितो.

उपांत्य फेरीचा भाग गेल्या शनिवारी दाखवला, तो तुम्ही पाहिलाच असेल. वस्तादांची हाक त्यांनी पुन्हा पुन्हा दाखवली, संथ करून, ढोल वाजवून, आणि खाली पट्टी: 'गुरूने शिष्याला हरवलं का? एसएमएस करा.' बहुतेकांनी 'हो' पाठवलं. माझ्या कंपनीतल्या लोकांनीसुद्धा. कॅन्टीनमध्ये एक जण मला म्हणाला, तुझं काय, तुला तर म्हाताऱ्यानं जिंकवलं.

आई-बाबा नांदेडला असतात. त्यांना मी काय सांगू तेच कळत नाही. मी वर्षभर पहाटे उठून तयारी केली होती. अंतिम फेरीत हरलो त्याचं काही नाही, समोरचा माझ्यापेक्षा चांगला होता. पण ही एक लढत मी जिंकली की नाही हे मला ठाऊक नाही. हाक आली नसती तर काका सुटले असते का? त्यांच्या हाताची ताकद मी पाहिली आहे. ते तिथून सुटूही शकले असते. मी जाळीत पुन्हा गेलेलो नाही. जावंसं वाटत नाही.

त्यांना हे विचारायची माझी हिंमत नाही. त्यांना नक्की माहीत असेल. तुम्ही विचाराल का? जे असेल ते सांगा, मला समजावू नका.

त्यांचा खांदा कसा आहे?

आपला,
वेदांत

•

माले,
२१ फेब्रुवारी २०१०

वेदांतभाऊ यांना नमस्कार.

तुमचं पत्र पोचून बरेच दिवस झाले. उत्तराला वेळ लागला, कारण विचारायचं कसं हे मला सुचत नव्हतं.

आधी खांद्याचं. हात कानाच्या वर जात नाही. शर्ट घालताना मी मदत करते, ते नको म्हणतात आणि मग थांबून राहतात. गेटवरची नोकरी आहे, तिथं हात वर करायची वेळ येत नाही. कुस्ती संपली. डॉक्टर तसं स्पष्ट म्हणाले नाहीत, यांनीच म्हटलं.

मुंबईच्या त्या कार्यक्रमाला हे गेलेच नाहीत, तुम्हाला माहीत असेल. तुम्हाला मात्र एकट्याला स्टेजवर बसवलं आणि तेच तेच विचारत राहिले. मी बघितलं. तुम्ही एकदाही वस्तादांबद्दल वाकडं बोलला नाहीत. आता बोलला असता तरी मी विश्वास ठेवला नसता. एवढं त्या टीव्हीनं मला शिकवलंय.

हे घरी आले त्या दिवशी वस्तादांकडं गेले. मी मागून गेले, दोघं काय बोलतात ते ऐकायला. वस्ताद म्हणाले, "आलास? बस." तेल कोमट करून आणायला काकींना सांगितलं आणि खांदा चोळत बसले. यांनी मग त्यांचा गुडघा चोळला. मिठीबिठी काही झाली नाही. काकी म्हणाल्या, "दोगंबी आता वंगनालाच लागलेत." त्यावर दोघं हसले.

गावाचं म्हणाल तर आधी हे वस्तादांवर उलटले म्हणून बोलत होते, एसएमएसच्या भागानंतर वस्ताद यांच्यावर उलटले म्हणून बोलायला लागले. कुशाबा दोन्ही वेळेला सगळ्यात पुढं. आबा आता देवळात बसतात, कुणी काही बोललं तर तंबाखू मळतात.

हे सुटीच्या दिवशी झोपतात. सकाळी भाकरी खाऊन झोपतात, दुपारी जेवून झोपतात. आधी मला काळजी वाटली, मग वाटलं झोपू दे. किती वर्षांची बाकी आहे कुणास ठाऊक.

आज रविवार. दुपारी हे ओसरीवर आडवे झाले होते, डाव्या कुशीवर. मी तुमचं पत्र काढलं आणि सगळं वाचून दाखवलं, कॅन्टीनमधल्या माणसाचं पण. डोळे मिटलेले होते, पण ऐकत होते, कारण तुम्ही पहाटे उठायचात ते आलं तेव्हा भुवई हलली.

मी विचारलं, हाक आली नसती तर सुटला असतात का?

डोळे न उघडताच म्हणाले, "त्याला लिही, न्हाई. सुटलो नसतो. हात त्याच्याकडंच गेला व्हता, वस्ताद ओरडायच्या आदीच. त्यानं जिंकलीय ती. माज्याकडनं लिही, आन माजं नाव घालून लिही. म्हनावं, पहाटं उठायचं बंद करू नगंस."

त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलंय, शब्दही बदललेला नाही. तुम्ही समजावू नका म्हणाला होतात, म्हणून मी पुन्हा विचारलं, की हे खरं आहे का तुम्ही त्याच्यासाठी म्हणताय?

तेवढ्यात ते झोपले होते. मी उठवलं नाही.

तुमची वहिनी,
गौतमी